दवाखान्याच्या भिंतीवर वारली

प्रश्न : आमच्या डहाणूकडच्या आरोग्य केंद्रात भिंतीवर नुसती पोस्टरं आहेत, तिथं वारली चित्रं काढली तर पेशंटला खरंच काही फायदा होतो का?

उत्तर : ताई, नक्की काढा! १९८४ला रॉजर उलरिच या अमेरिकी संशोधकांचा अभ्यास आला, त्यात ऑपरेशननंतर ज्यांना खिडकीतून झाडं दिसायची ते पेशंट, विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले आणि कडक पेनकिलरही कमी लागल्या. आता ती खिडकी होती, चित्र नव्हे, पण नजरेला आधार लागतोच ना. आणि हो, लग्नाचा चौक, म्हणजे वारली लग्नात भिंतीवर काढतात ते चौकोनी चित्र, पूर्वीपासून बायकाच तांदळाच्या पिठानं लिहीत आल्यात, म्हणून पाड्यावरच्या बायकांनाच बोलवा, मजुरीसकट. लसीकरणाच्या खोलीत तारपा नाच, म्हणजे तारपा वाजवणाऱ्याभोवती गोल धरून नाचणारी माणसं, काढा, रडणारी पोरं माणसं मोजत बसतील.