बसऱ्याच्या परिषदेने ब्रिटिशांशी संबंध तोडले, तरी तुमच्या दाव्याची मुदत थांबली नाही

प्रश्न : २००६ साली मी कुवेतच्या एका केटरिंग कंपनीतर्फे इराकमधल्या बसऱ्याच्या ब्रिटिश तळावर मेसमध्ये आचारी होतो. मार्च महिन्यात रेशनच्या गाडीतून जाताना ब्रिटिश लष्कराच्या गाडीने आम्हाला ठोकरलं. माझा उजवा पाय मांडीत मोडला, आत रॉड आहे. तेव्हा बसऱ्याच्या प्रांतिक परिषदेने ब्रिटिशांशी संबंध तोडले होते, म्हणून पोलिसांनी तक्रार घेतली नाही. ब्रिटिश म्हणाले, आधी पोलिसांचा कागद आणा. महिन्याभरात कंपनीने मला मुंबईला परत पाठवलं. तो कागद मिळवायला मी आजही पत्रं पाठवतोय. भांडण त्यांचं होतं, मग तो काळ मुदतीत कसा धरणार? ब्रिटनच्या संरक्षण खात्यावर मुंबईत दावा लावता येईल का?
– एक वाचक, विक्रोळी

उत्तर : तुमच्या चार पानी पत्रातली जवळजवळ तीन पानं परिषद आणि ब्रिटिशांच्या भांडणावर आहेत. आखातातून परतलेल्या माणसांची अशी पत्रं मला वरचेवर येतात. तिथलं राजकारण तोंडपाठ असतं, पण आपल्या मालकाचं कंत्राट मुळात कुणाशी होतं, हे कुणी लिहीत नाही. तुमची उरलीसुरली आशा त्याच माहितीवर आहे. त्याकडे येतेच.

भांडण खरं होतं. १९ सप्टेंबर २००५ रोजी अरबी वेशातल्या दोन ब्रिटिश सैनिकांना बसऱ्याच्या पोलिसांनी पकडलं. ब्रिटिशांनी चिलखती गाड्या घालून जमियात पोलीस ठाण्याची भिंत पाडली आणि परिषदेने सहकार्य बंद केलं. फेब्रुवारी २००६ मध्ये ब्रिटिश सैनिक इराकी पोरांना बदडत असल्याची चित्रफीत बाहेर आली, तेव्हा संबंध पुन्हा तुटले. त्याच वर्षी नाताळच्या दिवशी ब्रिटिशांनी ते जमियात ठाणं जमीनदोस्त केलं. अशा शहरात मुंबईहून आलेल्या आचाऱ्याच्या पायाचा पंचनामा करायला कोण बसणार होतं? तुमची फरपट झाली यात शंका नाही.

पण तुमच्या दाव्याचा त्या परिषदेशी कधी संबंधच नव्हता. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने मे २००३ मध्ये ठराव १४८३ करून अमेरिका आणि ब्रिटनला इराकचा ताबा घेतलेल्या सत्ता म्हणून मान्य केलं. त्यांच्या हंगामी प्रशासनाने आदेश क्रमांक १७ काढला आणि २७ जून २००४ रोजी, म्हणजे सत्ता इराकी सरकारकडे सोपवण्याच्या आदल्या दिवशी, तो सुधारून पुन्हा जारी केला. परदेशी फौजांवर इराकी न्यायालयात काहीही चालवता येणार नाही, असा तो आदेश. २००८ संपेपर्यंत तो लागू होता. बसऱ्याची परिषद निवडून आलेली असो, तिथला राज्यपाल कितीही संतापलेला असो, ब्रिटिश ड्रायव्हरवर त्यांचं काही चालत नव्हतं. त्यांचे संबंध गोडीगुलाबीचे असते आणि पोलिसांनी तुम्हाला कागद दिला असता, तरी बसऱ्याच्या कोर्टातून एक दिनारही मिळाला नसता.

कळीचं आहे ते त्याच आदेशातलं कलम १८. लष्करी कारवाईशी संबंध नसलेल्या कृत्याने कुणाला इजा झाली, तर भरपाईची मागणी त्या सैनिकाच्या देशाकडे करायची आणि तिचा निकाल त्या देशाच्या कायद्याने लागायचा, असं त्यात लिहिलं आहे. अपघाताच्या दिवसापासून तुमचा दावा लंडनचाच होता. पोलिसांचा कागद पुरावा म्हणून उपयोगी पडला असता, पण दावा दाखल करायला तो लागत नव्हता. त्या कागदासाठी तुम्ही वीस वर्षांच्या आसपास घालवलीत, आणि या काळात एकाही वकिलाला मूळ आदेश वाचायला सांगितलं नाहीत. हे मला बोलावंच लागेल, कारण तुमचं खरं नुकसान इथे झालं.

आता ‘तो काळ वगळा’ या मुद्द्याकडे. हा मुद्दा तुमच्या आधी शेकडो इराकी नागरिकांनी इंग्लंडच्या न्यायालयात मांडून पाहिला आहे. ब्रिटिश सैनिकांनी मारहाण केली, बेकायदा डांबलं, अशा त्यांच्या तक्रारी होत्या. इजा इराकमध्ये झाली, म्हणून इंग्लंडच्याच कायद्याप्रमाणे अशा दाव्यांना इराकी कायदा लागतो, आणि इराकी दिवाणी संहितेच्या कलम २३२ प्रमाणे इजा आणि ती करणारा समजल्यापासून तीन वर्षांत दावा लावावा लागतो. संहितेच्या कलम ४३५ प्रमाणे अडथळ्याच्या काळात मुदत थांबते. आदेश १७ मुळे इराकमध्ये दाद मागताच येत नव्हती, हाच तो अडथळा, असं त्यांचं म्हणणं. पहिल्या न्यायाधीशांना ते पटलं, अपील न्यायालयाने उलटवलं, आणि १२ मे २०१६ रोजी ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने शेवटचा निकाल त्यांच्या विरुद्ध दिला. इराकमधलं दार बंद होतं हे मान्य, पण लंडनचं उघडं होतं, आणि लंडनमध्ये दावा लावायला आदेश १७ आड येत नव्हता, असं त्यामागचं कारण. साक्षात कायद्याने घातलेली बंदी जिथे अडथळा ठरली नाही, तिथे परिषदेने ठराव करून टाकलेला बहिष्कार ठरणार नाही.

कलम ४३५ मध्ये दूरच्या परदेशात असलेल्या माणसाचाही उल्लेख आहे, आणि तुम्ही तर मुंबईत होतात. एखादा हुशार एजंट तुम्हाला हे दाखवून पैसे मागेल, म्हणून आधीच सांगते. इंग्लंडच्या १९८४ च्या परकीय मुदतविषयक कायद्यात, पक्षकार अमुक देशात हजर नव्हता म्हणून परकीय कायदा देत असलेली सवलत धरायची नाही, असं स्पष्ट म्हटलं आहे. त्याच कायद्यात अतोनात अन्याय होत असेल तर अपवाद आहे, पण इतक्या वर्षांनंतर त्याच्या भरवशावर तुमच्याकडून फी घ्यायला माझं मन धजणार नाही. शिवाय इराकी कायद्यातली पंधरा वर्षांची कमाल मर्यादासुद्धा २०२१ मध्ये उलटली.

मुंबईतला दावा विसरा. परकीय राष्ट्रावर दावा लावायला दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८६ खाली केंद्र सरकारची संमती लागते, आणि आपल्या मुदत कायद्यात दाव्यासाठी विलंबमाफी नाही. कुवेतच्या मालकाविरुद्ध थकलेल्या मजुरीसाठीचा मार्गही मुदत उलटल्याने बंद झाला असावा.

आता तुमच्या मालकाच्या कंत्राटाकडे. इराकमध्ये ब्रिटिश तळांवरही कामं एकाखाली एक अशा कंत्राटांतून चालत, आणि कुवेतची कंपनी बहुतेकदा उपकंत्राटदार असे. सगळ्यात वरचं कंत्राट अमेरिकन सरकारचं असेल तर १९४१ चा डिफेन्स बेस ॲक्ट, म्हणजे परदेशातल्या अशा कंत्राटी कामगारांना इजेची भरपाई देणारा अमेरिकन कायदा, लागतो. कामगार भारतीय, मालक कुवेती, अपघात इराकमध्ये, तरी लागतो. त्यात दाव्याची मुदत इजेपासून एकच वर्ष आहे. मात्र मालकाला इजा कळल्यापासून दहा दिवसांत त्याने अमेरिकेच्या कामगार खात्याला अहवाल द्यायचा असतो, तो फॉर्म एलएस-२०२. इजा माहीत असूनही मालकाने अहवाल दिला नसेल, तर तो देईपर्यंत ही एक वर्षाची मुदत सुरूच होत नाही. हा कायदा ज्यावर उभा आहे त्या मूळ लाँगशोअर कायद्याच्या, म्हणजे अमेरिकेच्या गोदी कामगारांच्या भरपाई कायद्याच्या, कलम ३० मध्ये हे लिहिलेलं आहे. तुम्हाला महिन्याभरात गुपचूप परत पाठवणाऱ्या कंपनीने हा अहवाल दिला नसण्याची शक्यता मला बरीच वाटते. शिवाय त्या कायद्यात औषधोपचाराच्या खर्चाला ही मुदत लागत नाही. रॉड काढायचा असेल किंवा पाय पुन्हा उघडावा लागणार असेल, तर तो खर्च वेगळा मागता येतो.

कंत्राट निव्वळ ब्रिटिश असेल तर मात्र यातलं काही मिळणार नाही. तो भाग मला पत्रावरून सांगता येत नाही, आणि ज्याने न बघता सांगितलं त्याच्यावर विश्वास ठेवू नका.

म्हणून जुनी ट्रंक उघडा. मेसमध्ये गळ्यात अडकवायचा तो लॅमिनेट केलेला पास शोधा आणि दोन्ही बाजूंचे फोटो पाठवा. मागच्या बाजूला बारीक अक्षरात मुख्य कंत्राटदाराचं नाव किंवा कंत्राटाचा नंबर असू शकतो. पगाराच्या पावत्या, मुंबईच्या बँकेत आलेले पैसे, ऑपरेशनचं डिस्चार्ज कार्ड, आणि त्या रेशनच्या गाडीत बरोबर असलेल्या एखाद्या सहकाऱ्याचा पत्ता, हेही हवं. पासपोर्टवर फार भिस्त ठेवू नका. त्या काळात भारत सरकारने इराकला कामाला जायला बंदी घातली होती आणि माणसं कुवेतच्या व्हिसावर नेऊन अब्दली–सफवानच्या नाक्यावरून आत सोडत, त्यामुळे इराकचा शिक्का नसेल तर नवल नाही.

पासवर अमेरिकन कंत्राट निघालं, तर दावा एलएस-२०३ या फॉर्मवर अमेरिकेच्या कामगार खात्याकडे करायचा आणि त्याच पत्रात विचारायचं की माझ्या नावाने एलएस-२०२ कधी दाखल झाला होता का. वकिलाची फी तिथे मंजूर करून घ्यावी लागते, मंजुरीशिवाय घेणं गुन्हा आहे. त्यामुळे आगाऊ रक्कम मागणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. आणि बसऱ्याच्या पोलिसांना आणखी एकही पत्र पाठवू नका.