मुलीचा मोबाइल नंबर गूगलवर कसा आला?

प्रश्न: आमच्या ज्ञातिमंडळाने दोन वर्षांपूर्वी वधू-वर सूची छापली. तिची पीडीएफ मंडळाच्या संकेतस्थळावर अजून आहे. मुलीचं लग्न होऊन वर्ष झालं, तरी तिला अनोळखी लोकांचे फोन येतात. तिचा नंबर गूगलवर टाकला की ती सूचीच वर येते. हे काढता येईल का?
– एक वाचक, सांगली

उत्तर: येईल, पण क्रम चुकला तर नुसतेच खेटे होतात. गूगल फक्त पत्ता सांगतं, फाइल मंडळाच्या सर्व्हरवर असते. म्हणून आधी मंडळ, मग गूगल.

त्याआधी नंबर आणखी कुठे कुठे आहे ते पाहा. तो अवतरणचिन्हांत टाकून शोधा: दहा आकडे सलग, मग पाच-पाच तोडून, मग पुढे ९१ लावून, शेवटी देवनागरी आकड्यांत. नावावरून शोधू नका. जुन्या मराठी फॉन्टमध्ये जुळवलेल्या पीडीएफमध्ये नाव बहुधा सापडतच नाही, नंबर मात्र सापडतो. जिथे सापडेल तिथला पूर्ण पत्ता आणि पान क्रमांक लिहून ठेवा, तारखेसह स्क्रीनशॉट घ्या.

मंडळाला ईमेल करताना फाइलचा पत्ता, पान क्रमांक आणि काय खोडायचं ते स्पष्ट लिहा. इथे दोन गफलती हमखास होतात. पहिली म्हणजे, संकेतस्थळ सांभाळणारा मुलगा पानावरची लिंक काढतो आणि फाइल तिथेच राहते. ‘काढलं’ असं उत्तर आलं की जुना पत्ता ब्राउजरमध्ये थेट टाकून बघा. सूची उघडली तर काम झालेलं नाही. दुसरी गफलत काळ्या पट्टीची. पीडीएफमध्ये नंबरावर काळा चौकोन ठेवतात, पण खालचे आकडे जागेवरच असतात. त्या पट्टीवरून बोट फिरवून कॉपी करा आणि दुसरीकडे पेस्ट करा, नंबर जसाच्या तसा बाहेर येतो. मूळ फाइलमधून मजकूर खोडूनच नवी पीडीएफ करायला हवी.

फाइल खरोखर गेली किंवा बदलली, तरी गूगलच्या निकालात जुना तुकडा काही दिवस दिसत राहतो. त्यासाठी गूगलची ‘कालबाह्य मजकूर’ काढण्याची सोय आहे. तिथे फाइलचा पत्ता द्यायचा. फाइल बदलली असेल तर जुन्या मजकुरात होता आणि आता नाही असा एखादा शब्द विचारतात. तिथे मुलीचं आडनाव देऊ नका, ते सूचीत इतरांचंही असणार. नंबरच द्या.

मंडळ दादच देत नसेल तर गूगलचा वैयक्तिक माहिती काढण्याचा वेगळा अर्ज आहे. एप्रिल २०२२ पासून फोन नंबर, ईमेल आणि घरचा पत्ता यांसाठीही तो करता येतो. यातून फाइल फक्त गूगलच्या शोधातून जाते, इंटरनेटवरून नाही. इतर शोधयंत्रांकडे वेगळा अर्ज करावा लागतो.

कायद्याचं म्हणाल तर, डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ चा आहे, पण त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होतात. शिवाय माणसाने स्वतःहून जाहीर केलेली माहिती या कायद्याच्या बाहेर आहे. तेव्हा ‘सूचीपुरती दिलेली संमती मागे घेत आहोत’ असं ईमेलमध्ये लिहून ठेवा, पण तूर्त कलमं दाखवण्यापेक्षा मंडळाच्या सचिवांना गाठणं लवकर फळतं.

घरात आणखी कुणाचं स्थळ बघायचं असेल तर बायोडाटा दोन तुकड्यांत करा. पहिल्यात शिक्षण, नोकरी, उंची, जन्मसाल, तालुका आणि पालकांचा एक नंबर. तोही बँकेला जोडलेला नसलेला. पत्रिकेसाठी पूर्ण जन्मतारीख, वेळ आणि स्थळ पहिल्या बोलण्यानंतर द्या. बऱ्याच बँकांच्या ई-स्टेटमेंटचा पासवर्ड नावाची पहिली चार अक्षरं आणि जन्मतारीख यांवरून बनतो, आणि आपला बायोडाटा या दोन्ही गोष्टी पहिल्या दोन ओळींत देतो! प्रत्येक मंडळाला पाठवलेल्या प्रतीवर त्या मंडळाचं नाव फिकट अक्षरांत आडवं टाका, म्हणजे पुढे कुठून फुटली ते कळतं.

प्रश्न: मी ट्रूकॉलर कधीच घेतलं नाही, तरी समोरच्याला माझं नाव ‘… टँकरवाले’ असं दिसतं. टँकरचा धंदा मी कधीच बंद केला.
– एक वाचक, लातूर

उत्तर: ते नाव तुम्ही दिलेलं नाही, इतरांनी दिलेल्या माहितीतून आलं आहे. ट्रूकॉलरच्या संकेतस्थळावर नंबर यादीतून काढण्याचं, म्हणजे ‘अनलिस्ट’चं पान आहे. तिथे +९१ सह नंबर टाका. साधारण २४ तासांत नाव जातं. तुमच्या नंबरावर कधी खातं उघडलं गेलं असेल, अगदी मुलाने जुन्या फोनवर उघडलेलं असलं तरी, आधी अ‍ॅपमधून ते बंद करावं लागतं. नाहीतर अर्ज अडतो. पुन्हा अ‍ॅप घेतलं तर नंबरही पुन्हा यादीत येतो.

प्रश्न: सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर १८० जण आहेत, त्यांत भाडेकरू आणि सोडून गेलेलेही. सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसतात. काही उपाय?
– सोसायटी कमिटी सदस्य, ठाणे

उत्तर: साध्या ग्रुपमध्ये नंबर लपत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर ‘कम्युनिटी’ (अनेक ग्रुप एकत्र बांधणारी सोय) तयार करा आणि पाणी, लिफ्ट, सभेच्या सूचना तिच्या घोषणा-ग्रुपवर टाका. तिथे सभासदाचा नंबर अ‍ॅडमिनना आणि ज्यांनी तो आधीच सेव्ह केला आहे त्यांनाच दिसतो. पण जुना ग्रुप उचलून कम्युनिटीत जोडला की झालं, असं समजू नका. त्या ग्रुपमध्ये नंबर पूर्वीसारखेच दिसत राहतात. तो बंदच करावा लागेल, आणि त्यावरून सभेत वाद होईल याची तयारी ठेवा.

प्रश्न: सातबारा, फ्लॅटचा इंडेक्स-२ (नोंदणी झालेल्या दस्ताचा गोषवारा) आणि मतदार यादी कुणालाही ऑनलाइन दिसते. त्यांतून आपलं नाव काढून घेता येतं का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर: नाही. नोंदणी कायदा १९०८ च्या कलम ५७ नुसार इंडेक्स-२ पाहण्याचा हक्क कुणालाही आहे, आणि जमीन-फ्लॅट घेणाऱ्याच्या दृष्टीने तो असायलाही हवा. मतदार यादीत मोबाइल नंबर नसतो, पण वय, नातेवाइकाचं नाव आणि घर क्रमांक असतो.

आपल्या हातात आहे ते दस्त करताना. पक्षकारांच्या तपशिलात मोबाइल नंबर घालण्याचा वकिलांचा आग्रह असेल तर कारण विचारा, आणि जिथे चालेल तिथे आधारची पहिले आठ आकडे झाकलेली प्रत जोडा. दस्तावर अंगठ्याचे ठसे असतात. अशा ठशांच्या नकला करून आधारवर पैसे काढल्याचे गुन्हे देशात नोंदले गेले आहेत, म्हणून एमआधार अ‍ॅपमधून बायोमेट्रिक लॉक करून ठेवा. रेशन दुकानात अंगठा द्यायच्या वेळी तात्पुरतं उघडायचं. ते दहा मिनिटांत आपोआप पुन्हा बंद होतं. रांगेत उभं राहण्याआधी उघडलंत तर मशीनपाशी पोचेपर्यंत मुदत संपलेली असते.

प्रश्न: डीएनडी (जाहिरातीचे फोन नकोत अशी नोंद) घेऊनही प्लॉट विकणाऱ्यांचे फोन थांबत नाहीत.
– एक वाचक, पुणे

उत्तर: ‘स्टार्ट ०’ (इंग्रजी अक्षरांत) असा एसएमएस १९०९ वर पाठवून सगळे प्रकार बंद केले असतील, तरी मॉलमधल्या ‘कार जिंका’च्या कुपनावर सही करून तुम्ही दिलेली संमती वेगळी धरली जाते. जाहिरातीच्या अधिकृत फोनचा नंबर १४० ने सुरू होतो. प्लॉटवाले बहुधा साध्या दहा आकडी नंबरावरून करतात, म्हणून प्रत्येक फोनची तक्रार स्वतंत्र करावी लागते: दूरसंचार नियामक ‘ट्राय’च्या डीएनडी अ‍ॅपवर किंवा १९०९ वर, सात दिवसांच्या आत, फोन करणाऱ्याचा नंबर, तारीख आणि काय विकत होता ते लिहून. नंबर ब्लॉक करायचाच असेल तर तक्रार नोंदवल्यावर करा, आधी कॉल लॉग पुसू नका. आणि दुकानात बिलासाठी नंबर मागितला तर ‘नाही’ म्हणा. नंबराशिवाय माल नाकारू नये, असं ग्राहक व्यवहार मंत्रालयाने मे २०२३ मध्येच दुकानदारांना कळवलं आहे.