डब्याची मागची बाजू

प्रश्न : ताई, नमस्कार. मी 52 वर्षांची आहे, नाशिकच्या इंदिरानगरला राहते, शाळेत शिकवते. पाळी थांबली आणि तेव्हापासून डोळ्यांच्या कडेला, ओठांच्या वर सुरकुत्या एकदम दिसायला लागल्या. थायरॉइडची गोळी चालू आहे. पार्लरवालीनं कोलाजेन पावडर सुचवली. भाचीनं पुण्याहून एका डब्याचा फोटो पाठवलाय, तो सोबत जोडते : 250 ग्रॅम, 1,900 रुपये, रोज 10 ग्रॅम, 'मरीन कोलाजेन विथ बायोटिन'. आम्ही घरात शुद्ध शाकाहारी. मरीन घेऊ, बोवाइन घेऊ की व्हीगन? फरक पडतो का? किती महिने घ्यावं लागेल?

उत्तर : फोटो जोडलात ते बरं केलंत. पण तो डब्याच्या पुढच्या बाजूचा आहे. पंचवटीतल्या माझ्या औषधांच्या दुकानात कुणीही असा डबा घेऊन आलं की मी आधी तो उलटा करते, कारण कामाचं सगळं मागच्या बाजूला बारीक अक्षरात असतं.

कोलाजेन म्हणजे त्वचेला घट्टपणा देणारं प्रथिन. सुरुवात शाकाहारापासून करू, कारण तुमचा निम्मा प्रश्न तिथेच सुटतो. मरीन म्हणजे माशाची कातडी आणि खवले. कितीतरी बायका 'मरीन' वाचून समुद्री शेवाळ समजतात आणि एकादशीलाही दुधात घालून पितात. खरं सांगितल्यावर त्यांना जे वाईट वाटतं ते मला बघवत नाही, म्हणून हे इतकं स्पष्ट लिहितेय. बोवाइन म्हणजे गाय-म्हशीच्या वर्गातल्या जनावरांचं कातडं आणि हाडं. कोलाजेन प्राण्यांच्याच शरीरात तयार होतं, झाडापाल्यात नसतं. त्यामुळे 'व्हीगन कोलाजेन' लिहिलेल्या डब्यात बहुतेक वेळा कोलाजेन नसतंच. क जीवनसत्त्व, झिंक, काही अमिनो आम्लं (प्रथिनांचे घटक), एखादा वनस्पतीचा अर्क एवढंच असतं. ते वाईट नाही, पण त्या नावानं आणि त्या भावानं विकत घेण्यासारखंही नाही. चौकोनातला हिरवा ठिपका की तपकिरी त्रिकोण, एवढं बघायला दोन सेकंद लागतात. आणि हो, साध्या कॅप्सूलचं टरफलसुद्धा बहुधा जिलेटिनचं असतं. जिलेटिन म्हणजे उकळून काढलेलं कोलाजेनच.

म्हणजे तुमच्यासाठी मरीन आणि बोवाइन दोन्ही बाद झाले. पण आपण काहीतरी मोठं गमावतोय अशी रुखरुख मनात राहू नये, म्हणून 'फरक पडतो का' याचं उत्तर नीट देते.

आपण खाल्लेलं कोलाजेन आतड्यात फुटतं. त्यातले काही छोटे तुकडे रक्तात पोचतात हे खरं आहे, आणि ते त्वचेतल्या पेशींना नवीन कोलाजेन बनवायला चालना देत असावेत, अशी त्यामागची मांडणी आहे. पण तो तुकडा तुमच्या डोळ्याच्या कडेला जाईल, गुडघ्यात जाईल की नुसताच जळून जाईल, हे डबा ठरवत नाही. 2021 साली 19 चाचण्या एकत्र करून 1,125 लोकांची माहिती तपासली, तेव्हा तीन महिन्यांत त्वचेचा ओलावा, लवचीकपणा आणि सुरकुत्या यांत सुधारणा दिसली. जाहिरातवाले हाच अभ्यास पुढे करतात. पुढे 2025 साली 23 चाचण्या आणि 1,474 लोकांची माहिती पुन्हा तपासली गेली, आणि या वेळी पैसा कुणी पुरवला यावरून चाचण्या वेगळ्या काढल्या. कंपन्यांच्या पैशांवर झालेल्या चाचण्यांत फायदा दिसला, बाकीच्यांत दिसला नाही. ज्या चाचण्या जास्त काटेकोरपणे केल्या होत्या, त्यांतही दिसला नाही. माझं मत या दुसऱ्या अभ्यासानंतर पक्कं झालं आहे. सुरकुत्यांसाठी कोलाजेन घ्या, असं मी आपणहून कुणालाही सांगत नाही.

तुमच्या डब्यातल्या बायोटिनची, म्हणजे एका ब जीवनसत्त्वाची, मला जास्त काळजी वाटते. थायरॉइडच्या रक्ततपासणीच्या बऱ्याच पद्धतींमध्ये बायोटिनमुळे आकडे चुकतात : टीएसएच (थायरॉइडला कामाला लावणारं संप्रेरक) आहे त्यापेक्षा कमी दिसतो, टी-फोर (थायरॉइडचं स्वतःचं संप्रेरक) जास्त दिसतो. रिपोर्ट बघून डॉक्टरांना वाटतं की गोळीचा डोस जास्त होतोय, आणि ते तो कमी करतात. प्रत्यक्षात तुमचा थायरॉइड तसाच मंद असतो. मग थकवा, केस गळणं, कोरडी त्वचा हे सगळं वाढतं आणि माणूस आणखी बायोटिन घेतं. अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी 2017 सालीच याबद्दल इशारा दिला होता. हृदयविकाराचं निदान करणारी ट्रोपोनिन तपासणीही यात चुकू शकते. केसांसाठी, नखांसाठी म्हणून घेतलेल्या गोळ्यांतही बायोटिन असतं. तुमच्याकडे अशी एखादी गोळी चालू असेल तर पुढच्या तपासणीआधी डॉक्टरांना आणि लॅबवाल्यांना सांगा. दोन-तीन दिवस आधी बंद करायची की आणखी आधी, ते डोसवर ठरेल.

तुमच्या सुरकुत्या 'एकदम' दिसायला लागल्या, हा भास नाही. पाळी थांबल्यावरच्या पहिल्या पाच वर्षांत त्वचेतलं जवळजवळ 30 टक्के कोलाजेन कमी होतं. इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक ओसरतं, त्याचा हा परिणाम. तुम्ही काही चुकीचं केलं, चेहऱ्याकडे दुर्लक्ष केलं, असं मनात आणू नका. आमच्याकडे येणाऱ्या या वयाच्या बहुतेक बायका हा दोष स्वतःवरच घेतात.

आता एक करून बघा. आंघोळ झाल्यावर खिडकीशी उभ्या राहा. एका हाताच्या दंडाची आतली, काखेकडची बाजू वळवून उजेडात आणा आणि दुसऱ्या हाताचा पंजा पालथा करून तिच्याशेजारी धरा. दंडाची कातडी मऊ, एकसारख्या रंगाची दिसेल. पंजावर बारीक जाळी, तपकिरी ठिपके, चिमटीत धरली तर सावकाश खाली बसणारी कातडी. दोन्ही कातड्या 52 वर्षांच्याच. दोघींना जेवण तेच, रक्त तेच, पाळी थांबली तीही एकाच वेळी. फरक आहे तो उन्हाचा. तुम्ही गाडीवर स्कार्फ बांधून जात असाल, पण हँडलवरचे हात उघडेच असतात, आणि शाळेच्या मैदानावर उभं राहताना स्कार्फही सुटलेला असतो. उन्हातले सुरकुत्या पाडणारे यूव्हीए किरण खिडकीच्या साध्या काचेतूनही आत येतात, तेव्हा वर्गात खिडकीशी टेबल असेल तर तेही धरा.

म्हणून माझं पहिलं मत सनस्क्रीनला. ऑस्ट्रेलियात नाम्बूर नावाच्या गावी 55 वर्षांखालच्या 903 जणांवर साडेचार वर्षं चाचणी झाली. तिचे निष्कर्ष 2013 साली छापून आले. रोज सनस्क्रीन लावणाऱ्यांची त्वचा, मनात येईल तेव्हा लावणाऱ्यांच्या तुलनेत 24 टक्के कमी म्हातारी झाली, आणि हे मोजलं होतं हाताच्या पाठीवरच्या कातडीचे ठसे घेऊन. ते लोक गोरे होते. आपल्या त्वचेत मेलॅनिन हे रंगद्रव्य जास्त, त्यामुळे सुरकुत्या आपल्याला उशिरा येतात, पण डाग लवकर पडतात, आणि सनस्क्रीन दोन्हीला उपयोगी आहे. ट्यूबवर एसपीएफ (त्वचा भाजवणाऱ्या किरणांपासूनचं संरक्षण) 30 किंवा जास्त आणि पीए (यूव्हीएपासूनचं संरक्षण) तीन प्लस एवढं बघा. तर्जनी आणि मधल्या बोटाच्या लांबीभर दोन रेघा, इतकी चेहऱ्याला आणि मानेला लागते. टिकलीएवढी लावून उपयोग होत नाही. हातांच्या पाठीला वेगळी. मैदानावर उभं राहायचं असेल तर दोन-तीन तासांनी पुन्हा.

आलेल्या सुरकुत्या थोड्या तरी पुसट करायच्या असतील तर सगळ्यात जुना भरवशाचा उपाय ट्रेटिनॉइन, म्हणजे अ जीवनसत्त्वाच्या घराण्यातलं लावायचं औषध. त्वचेत नवीन कोलाजेन तयार करायला ते मदत करतं, हे वरून लावून सिद्ध झालेलं आहे. ते डॉक्टरांच्या चिठ्ठीनंच मिळतं, रात्री वाटाण्याएवढं लावायचं असतं, आणि सुरुवातीच्या आठवड्यांत त्वचा लाल होते, सोलते. म्हणून त्वचारोगतज्ज्ञांना एकदा दाखवाच. फरक दिसायला काही महिने जातात. गरोदर बायकांनी ते लावायचं नाही. कोलाजेन घातलेल्या क्रीमवर मात्र पैसे घालू नका. कोलाजेनचा रेणू इतका मोठा असतो की तो त्वचेतून आत जातच नाही. क्रीमनं ओलावा राहतो, तेवढाच फायदा, आणि तो कुठल्याही साध्या मॉइश्चरायझरनंही मिळतो.

एका गोष्टीवर मी कडक बोलणार आहे. ट्रेटिनॉइन, हायड्रोक्विनोन (रंग फिका करणारं औषध) आणि स्टेरॉइड एकत्र असलेल्या ट्यूब 'चेहरा उजळतो' म्हणून हातोहात फिरतात. पार्लरमध्ये, शेजारणीकडे, लग्नाच्या गडबडीत. पहिल्या पंधरवड्यात चेहरा खरंच तुकतुकीत दिसतो. पण स्टेरॉइड कोलाजेन कमी करतं, कातडी पातळ होते, लाल शिरा दिसतात, आणि ट्यूब सोडली की चेहरा भडकतो. चिठ्ठीशिवाय ही ट्यूब मी देत नाही. रागावून गेलेल्या बायका परत येतात तेव्हा कुणाकुणाचा चेहरा लालबुंद झालेला असतो. पार्लरवालीनं कोलाजेनसोबत अशी काही ट्यूब दिली असेल तर तोंडाला लावू नका. लावत असाल तर मनानं बंद न करता डॉक्टरांना दाखवा.

पैशांचं गणित मांडते. 250 ग्रॅमचा डबा रोज 10 ग्रॅमनं 25 दिवस पुरतो. तीन महिन्यांना चार डबे, 7,600 रुपये. तेवढ्यात त्वचारोगतज्ज्ञांची एक भेट आणि तीन महिन्यांचं सनस्क्रीन होऊन पैसे उरतात. उरलेल्यातून ताटात प्रथिनं वाढवा. 60 किलो वजनाला दिवसाला साधारण 50 ग्रॅम प्रथिनं लागतात. सकाळी पोहे, डब्यात पोळी-भाजी, रात्री खिचडी अशा जेवणात ती भरत नाहीत. मोडाच्या मटकीची उसळ, दही, पनीर, शेंगदाणे, घट्ट वरण यातलं काहीतरी प्रत्येक जेवणात हवं. शरीराला कोलाजेन विणताना क जीवनसत्त्व लागतंच. एका मध्यम पेरूत दिवसाच्या गरजेपेक्षा जास्त मिळतं.

भाचीला मासे चालत असतील आणि तिला घ्यायचंच असेल, तर तिनं मागच्या बाजूला 'हायड्रोलाइज्ड कोलाजेन' किंवा 'कोलाजेन पेप्टाइड्स' (दोन्ही म्हणजे छोट्या तुकड्यांत फोडलेलं कोलाजेन) किती ग्रॅम आहे ते वाचावं. चाचण्यांमध्ये साधारण अडीच ते दहा ग्रॅम रोज दिलं गेलं. एका गोळीत 500 मिलिग्रॅम असेल तर पाच ग्रॅमला दहा गोळ्या झाल्या. गमीजमध्ये, म्हणजे चघळायच्या गोळ्यांत, त्याहून जास्त काही नसतं, वर साखर. 'ब्लेंड' म्हणजे मिश्रण म्हणून सगळ्याचा एकच आकडा छापलेला डबा परत ठेवावा. बायोटिन नसलेला, जड धातूंची तपासणी बॅचनिहाय दाखवणारा घ्यावा. तीन महिन्यांत फरक नसेल तर थांबावं. माशांची ॲलर्जी, मूत्रपिंडाचा विकार किंवा मुतखड्याचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. कोलाजेनमधल्या एका अमिनो आम्लापासून शरीरात ऑक्झलेट तयार होतं, आणि बरेच मुतखडे त्याचेच असतात.

प्रश्न : मी पिंपळगाव बसवंतजवळ द्राक्षबाग करतो, वय 45. डोळ्यांभोवती आणि मानेवर इतक्या सुरकुत्या आहेत की सोयरे साठीचा समजतात. पावडर घेण्यापेक्षा पाया सूप प्यायलं तर चालेल का? आणि द्राक्षात कोलाजेन वाढवायची ताकद असते म्हणतात, ती तर घरचीच आहेत.

उत्तर : भाऊ, पुरुषांनी हे विचारायला लाजू नये, तुम्ही विचारलंत ते छान केलंत. पाया रात्रभर शिजला की जो रस थिजतो, तो जिलेटिन. म्हणजे पावडरीचाच मोठा भाऊ. आवडीनं प्या, पण सुरकुत्या जातील या आशेनं नको. यूरिक ॲसिडचा त्रास असेल तर जपून. द्राक्षं गोड, पाणीदार आणि उत्तम फळ आहे, पण त्यात क जीवनसत्त्व अगदी थोडं. बांधावर एखादं पेरूचं झाड लावा.

तुमचं दुखणं बागेतच आहे. छाटणी, विरळणी, डिपिंग (घड संजीवकाच्या द्रावणात बुडवणं), काढणी, सगळं डोकं वर करून, डोळे बारीक करून, मान उन्हात ताणून. मानेची मागची बाजू तर वर्षानुवर्षं भाजते. मोठ्या काठाची टोपी, मानेवर उपरणं, लांब बाह्यांचा शर्ट, आणि डोळे आकसावे लागू नयेत म्हणून यूव्ही अडवणारा गॉगल. कान आणि मान धरून सनस्क्रीन. फवारणीनंतर हात-तोंड धुऊन पुन्हा लावा. विडी किंवा तंबाखू चालू असेल तर ती सोडणं हाही सुरकुत्यांवरचाच उपचार आहे. धुरामुळे त्वचेतलं कोलाजेन तुटतं आणि नवीन कमी बनतं. मानेवरची एखादी जागा खडबडीत राहत असेल किंवा जखम भरत नसेल तर हंगाम संपायची वाट न बघता डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न : मी 24 वर्षांची, कॉलेज रोडला जिमला जाते. पंचविशीनंतर कोलाजेन कमी होतं म्हणून आतापासूनच सुरू करू का?

उत्तर : नको. पंचविशीनंतर ते हळूहळू कमी होतं हे बरोबर, पण आत्ता पावडर घेऊन पुढची साठवण होत नाही. जिमसाठी प्रथिन म्हणूनही कोलाजेन अपुरं आहे, त्यात ट्रिप्टोफॅन हे आवश्यक अमिनो आम्ल नाही. स्नायूंसाठी दूध, अंडी, डाळी किंवा व्हे प्रोटीन यांचाच विचार कर. सनस्क्रीन मात्र आजपासून लाव, हातांनाही.