नाव तेच, फाइल दुसरीच

प्रश्न : अहवाल तयार करण्याचा माझा प्रोग्राम दोन वर्षं बिनतक्रार चालत होता. महिन्यापूर्वी मी फाइली ऑनलाइन साठवणारं एक सॉफ्टवेअर विंडोजवर टाकलं. तेव्हापासून ‘सेव्ह ॲज’ दाबलं की खिडकी उघडता उघडता प्रोग्राम बंद पडतो. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीत, दर वेळी लिबईएवाय३२.डीएलएल हे नाव दिसतं. प्रोग्राम तीनदा काढून पुन्हा टाकला. ही फाइल इंटरनेटवरून उतरवून सिस्टिम३२ या विंडोजच्या स्वतःच्या फोल्डरात ठेव, असं एकाने सुचवलं आहे. ठेवू का?

उत्तर : नका ठेवू, कळकळीने सांगते. डीएलएल म्हणजे प्रोग्रामना वापरता येणाऱ्या तयार कोडची फाइल. कुठल्याही साइटवरून आणलेली डीएलएल म्हणजे अनोळखी माणसाचा कोड. शिवाय प्रोग्रामच्या स्वतःच्या फोल्डरात त्या नावाची प्रत असेल, तर विंडोज सहसा सिस्टिम३२ पर्यंत पोचतच नाही.

तुमच्या पत्रातला मोलाचा तपशील आहे ‘सेव्ह ॲज’. ती खिडकी उघडली की इतर सॉफ्टवेअरची शेल एक्स्टेन्शन्स, म्हणजे विंडोजच्या फाइल-खिडक्यांना जोडलेले त्यांचे छोटे भाग, तुमच्या प्रोग्रामच्या प्रोसेसमध्ये, म्हणजे त्याच्या चालू प्रतीत, लोड होतात. ऑनलाइन साठवणीची काही सॉफ्टवेअर्स फाइलच्या आयकॉनवर हिरवी खूण दाखवतात, ती अशाच एक्स्टेन्शनमधून. माझा संशय असा, की तुमच्याकडच्या एक्स्टेन्शनलाही लिबईएवाय३२ लागते. आणि विंडोजचा नियम असा : डीएलएल नुसत्या नावाने मागितली आणि त्या नावाची एखादी प्रोसेसमध्ये आधीच लोड झालेली असेल, तर तीच द्यायची. डिस्कवर शोधायचंच नाही. म्हणजे एक्स्टेन्शनच्या हाती तुमच्या प्रोग्रामची प्रत पडते. ही प्रत आणि एक्स्टेन्शनला हवी असलेली, दोघींची आवृत्ती वेगळी, आतल्या रचना वेगळ्या. मेमरीत भलत्याच जागी हात जातो आणि सगळंच कोसळतं. प्रोग्राम तीनदा टाकून उपयोग का झाला नाही, ते यावरून कळेल. बिघाड त्याच्या फाइलींत नाहीच.

याच फाइलीचं नाव इतक्या तक्रारींत का येतं? ती ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या लायब्ररीची आहे. ०.९.८ असो वा १.०.२, विंडोजवर नाव एकच, पण आतून एकीच्या जागी दुसरी चालेल याची खात्री नाही. २०१६ मध्ये आलेल्या १.१.० पासून नावातच आवृत्ती घातली गेली, लिबक्रिप्टो-१_१ अशी. लिनक्सवर हेच काम सोनेम, म्हणजे लायब्ररीच्या फाइलीत नोंदलेलं आवृत्तीसह नाव, करतं.

मी स्वतः अशा एका क्रॅशमागे दोन दिवस घालवले आहेत. आमच्या लायब्ररीचं नाव होतं युटिल्स.डीएलएल, आणि एका स्कॅनरच्या ड्रायव्हरनेही नेमकं तेच नाव घेतलेलं. डीबगरच्या, म्हणजे चुका शोधण्याच्या साधनाच्या, मॉड्यूल्सच्या (लोड झालेल्या फाइलींच्या) यादीत नाव दिसत होतं, म्हणून मी आमचाच कोड ओळीओळीने वाचत बसले. शेजारच्या रकान्यातला पाथ, म्हणजे फाइलचा पूर्ण पत्ता, वाचला आणि पाच मिनिटांत उलगडा झाला. तेव्हापासून आमच्या प्रत्येक डीएलएलच्या नावात प्रॉडक्टचं नाव आणि आवृत्ती असते, आणि तुमच्यापैकी जे कोड लिहितात त्यांनीही हे करावंच.

आता तुमचं काम. इव्हेंट व्ह्यूअरच्या त्याच नोंदीत खाली ‘फॉल्टिंग मॉड्यूल पाथ’ अशी ओळ असते. फाइल कोणत्या फोल्डरातली, ते तिथे कळेल. मग मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटर्नल्स संचातला ‘प्रोसेस एक्स्प्लोरर’ उघडा, तुमचा प्रोग्राम निवडा आणि कंट्रोल-डी दाबा. ‘सेव्ह ॲज’ दाबण्यापूर्वीच लिबईएवाय३२ यादीत आहे का, आणि तिचा पाथ काय, ते टिपून ठेवा. त्याच संचातल्या ‘ऑटोरन्स’मध्ये एक्स्प्लोररच्या टॅबवर जाऊन नव्या सॉफ्टवेअरच्या नोंदींसमोरची खूण काढा आणि संगणक रीस्टार्ट करा. काहीही डिलीट करू नका. खूण पुन्हा लावता येते, डिलीट केलेली नोंद परत आणणं अवघड जातं.

क्रॅश थांबला, तर ते नवं सॉफ्टवेअर अपडेट करा आणि मगच खूण परत लावून पाहा. अपडेट नसेल, तर दोन्ही निर्मात्यांना ते पाथ कळवा, नुसतं ‘बंद पडतं’ असं लिहू नका. खूण काढूनही क्रॅश होत राहिला, तर माझा अंदाज चुकला. मग ‘फॉल्टिंग मॉड्यूल पाथ’ची ओळ जशीच्या तशी मला लिहून पाठवा.