वाचकांचे प्रश्न : अॅम्प्लिफायरला कोणती स्पीकर केबल जुळते?

प्रश्न : मी नवा अॅम्प्लिफायर घेतला आहे. स्पीकर ४ ओहमचे असून त्यांतील दूरच्या स्पीकरपर्यंत १२ मीटर केबल लागते. सध्या ०.७५ चौरस मिमीची तांब्याची जुनी वायर वापरतो. विक्रेत्याच्या मते या अॅम्प्लिफायरला त्याच दर्जाची महाग केबल ‘मॅच’ करायला हवी. शिवाय आवाज वाढवला की अॅम्प्लिफायर अधूनमधून आपोआप बंद पडतो. दोष वायरचा आहे का?

उत्तर : वायर बदलायला हवी, पण अॅम्प्लिफायर बंद पडण्याचे कारण तिचा बारीकपणा नाही. केबलची निवड अॅम्प्लिफायरच्या किमतीवरून होत नसते. स्पीकरचा इम्पीडन्स (म्हणजे तो विद्युत्प्रवाहाला करतो तो विरोध, ओहममध्ये), केबलची लांबी आणि तांब्याची जाडी यांवरून ती करायची असते. विद्युत्प्रवाह एका तारेने स्पीकरकडे जातो आणि दुसरीने परत येतो, त्यामुळे १२ मीटर अंतरासाठी हिशेब २४ मीटर तारेचा धरावा लागतो आणि नेमके हेच अनेकांच्या नजरेतून सुटते. ०.७५ चौरस मिमी जाडीच्या तांब्याचा रोध मीटरला सुमारे ०.०२३ ओहम असतो. म्हणजे आपल्या वायरचा रोध ०.५५ ओहमच्या आसपास भरतो, जो स्पीकरच्या ४ ओहमच्या जवळजवळ १४ टक्के आहे. हे प्रमाण ५ टक्क्यांच्या आत असावे, असा साधारण संकेत आहे. २.५ चौरस मिमीची तार घेतली तर रोध ०.१७ ओहमपर्यंत उतरतो आणि आपले काम होते. मात्र ती निखळ तांब्याची आहे ना, हे पाहून घ्या. अॅल्युमिनियमवर तांब्याचा पातळ मुलामा दिलेली तार दिसायला तशीच असते, पण तिचा रोध बराच जास्त असतो.

रोध वाढल्याने आवाज थोडा कमी होतो, ते एक वेळ चालेल. खरी अडचण अशी की स्पीकरचा ‘४ ओहम’ हा आकडा नाममात्र असतो. खर्जातील एखाद्या स्वराला तोच स्पीकर २० ओहमपर्यंत चढतो, तर दुसऱ्या एखाद्या स्वराला ४ ओहमच्याही खाली जातो. बारीक वायर पहिल्या स्वराचे जवळजवळ काहीच गिळत नाही, दुसऱ्याचे मात्र गिळते, आणि संगीताचा तोल बिघडतो.

आता बंद पडण्याविषयी. बारीक वायरीमुळे अॅम्प्लिफायरवरचा भार वाढत नाही, उलट किंचित कमीच होतो. म्हणून प्रथम अॅम्प्लिफायरच्या मागे छापलेला किमान इम्पीडन्स वाचा. तेथे ‘६ ते १६ ओहम’ असे असेल, तर ४ ओहमचा स्पीकर त्याच्यातून झेपेल त्याहून जास्त प्रवाह ओढतो आणि मोठ्या आवाजाला संरक्षक यंत्रणा त्याला बंद करते. कोणतीही केबल हे दुरुस्त करू शकत नाही. तेथे ४ ओहमला परवानगी असेल, तर अॅम्प्लिफायर बंद करून, प्लग काढून, टर्मिनलपाशी बारकाईने पाहा. अशाच एका तक्रारीत मला लाल टर्मिनलमधून निसटलेला तांब्याचा केसाएवढा धागा आढळला होता. आवाज वाढला की तो कंपनाने काळ्या टर्मिनलला टेकत असे. तारेचे सोललेले टोक घट्ट पिळून किंवा त्यावर लग (धातूचे छोटे टोपण) दाबून बसवल्यास हा धोका राहत नाही.

अॅम्प्लिफायर आणि केबल यांचे खरोखर न पटण्याचे एक उदाहरण मात्र आहे. वेणीसारख्या विणलेल्या काही केबलींची धारिता (विद्युतभार साठवण्याची क्षमता) बरीच जास्त असते, आणि काही अॅम्प्लिफायरांत स्थैर्यासाठी आउटपुटवर बसवली जाणारी छोटी कॉइल मुद्दाम वगळलेली असते. अशी जोडी जमली, तर अॅम्प्लिफायर कानाला ऐकू न येणाऱ्या उच्च कंप्रतेवर आंदोलने करू लागतो आणि विनाकारण तापतो. त्यामुळे माहितीपुस्तिकेत केबलचा प्रकार किंवा किमान लांबी दिली असेल, तर ती कसोशीने पाळा.

प्रश्न : एक स्पीकर जवळ आणि दुसरा दूर आहे. दोन्ही केबली समान लांबीच्या हव्यात का?

उत्तर : गरज नाही. काही मीटरच्या फरकाने संकेत पोहोचण्यात होणारा विलंब कानाला कळण्याच्या कितीतरी पलीकडचा आहे. केबल पुरेशी जाड असेल, तर रोधातील फरकही नगण्य राहतो. त्यापेक्षा दोन्ही स्पीकरांना धन-ऋण टोके सारखीच जोडली आहेत ना, ते तपासा. एकाची उलटी झाली असतील, तर खर्ज विरून जातो.