फायब्रिल बनवायला बसण्याआधी

पार्किन्सन्सच्या कामाला नव्यानं लागलायस, तर आधी एक ऐक. अल्फा-सायन्यूक्लीन या मेंदूतल्या प्रोटीनचे फायब्रिल, म्हणजे रेणू एकमेकांना चिकटून झालेले धागे, बनवणं म्हणजे दही लावणं. ऊब, वेळ, विरजण सगळं तेच ठेवलं तरी एखादी बॅच बिघडतेच. ३७ अंशांवर, १००० आरपीएमला आठवडाभर हलवत ठेव. थायोफ्लेविन-टीची (फायब्रिलला चिकटलं की चमकणाऱ्या रंगाची) चमक वाढली म्हणून लगेच खूश होऊ नकोस, इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली बघच.

तयार फायब्रिल ४ अंशांच्या फ्रिजमध्ये ठेवू नकोस, थंडीत ते सुटे होतात. मी पहिल्या वर्षी नेमकं तेच केलं आणि दोन महिने बिचाऱ्या पेशींना बोल लावत बसले! पेशींवर घालण्याआधी सॉनिकेट करून, म्हणजे ध्वनिलहरींनी, बारीक तुकडे कर. तेव्हा तुषार उडतात, म्हणून हे काम हूडमध्येच (हवा खेचणाऱ्या बंदिस्त कपाटात). सांडलं तर १ टक्का एसडीएसनं (साबणासारखं रसायन) पूस, नुसत्या अल्कोहोलनं भागत नाही.

प्रोटीन ई. कोलाय जिवाणूंमधून काढतोस ना? मग एंडोटॉक्सिन, म्हणजे सोबत येणारं त्या जिवाणूंचं विष, मोजून घे. नाहीतर मायक्रोग्लिया (मेंदूतल्या संरक्षक पेशी) भडकतात त्यापायी, आणि श्रेय मिळतं फायब्रिलला. मोनोमरचा, म्हणजे न चिकटलेल्या सुट्या प्रोटीनचा, कंट्रोल तुलनेला तर हवाच.

सर एमपीटीपीचे, म्हणजे हे विषारी रसायन टोचलेले, उंदीर घे म्हणतील. १९८२ मध्ये कॅलिफोर्नियात बनावट हेरॉइन टोचून घेतलेली तरुण माणसं ताठरली, त्यातून हे रसायन हाती लागलं. डोपामिनच्या पेशी मरतात कशा, हे त्यात छान दिसतं. पण त्या उंदरांत ल्युई बॉडी (पेशींत साचणाऱ्या याच प्रोटीनच्या गुठळ्या) सहसा सापडत नाहीत, तेव्हा तुझा प्रश्न प्रोटीन पसरण्याचा असेल तर सरांशी आधीच बोलून घे.