व्हेरियन्स ऋण येतोय, अॅब्स लावून पुढे जाऊ का?

नका लावू. व्हेरियन्स म्हणजे आकडे सरासरीपासून किती विखुरलेत त्याचं माप, तो वर्गांवरून काढतात, म्हणून ऋण येऊच शकत नाही; आणि अॅब्स हे फंक्शन नुसतं उणे चिन्ह काढून टाकतं. तुम्ही लिहिलंय की पायथनमध्ये टाइमस्टॅम्पच्या (1970 पासूनच्या सेकंदांत मोजलेल्या वेळेच्या) कॉलमचा गटवार व्हेरियन्स स्वतःच्या फंक्शनने काढता, काही गटांत तो ऋण येतो आणि वर्गमूळ घेताना नॅन (‘हा आकडाच नाही’ अशी खूण) मिळतो. ऋण आकडा आला म्हणून चूक निदान दिसली. त्याच फंक्शनने बाकीच्या गटांना दिलेली धन उत्तरंही तितकीच बिनभरवशाची आहेत, फक्त ती कुणाला खटकत नाहीत. अॅब्स लावलंत तर जी चूक दिसतेय तीही झाकली जाईल.

दोष सूत्राच्या मांडणीत आहे. ‘वर्गांची सरासरी उणे सरासरीचा वर्ग’ हे कागदावर बरोबरच आहे, पण संगणकाच्या डबलमध्ये (दशांश आकडे साठवायचा नेहमीचा प्रकार, पायथनमध्ये त्यालाच फ्लोट म्हणतात) साधारण 15-16 अंकच नेमके मावतात. 1970 पासूनचे सेकंद आता 170 कोटींच्या पुढे गेलेत. त्याचा वर्ग 19 अंकी, आणि त्या पट्ट्यात डबलचे लगतचे दोन आकडे एकमेकांपासून 512 ने दूर असतात! असे दोन अवाढव्य, जवळजवळ सारखे आकडे वजा केले की खरे अंक एकमेकांत कटतात आणि हाती राउंडिंगचा गाळ उरतो.

स्वतः करून बघा: 100000001, 100000002, 100000003 हे तीन आकडे फ्लोट म्हणून घ्या (पायथनचे इंटिजर नकोत, ते कितीही मोठे असले तरी अचूक राहतात). एन (आकड्यांची संख्या) उणे 1 ने भागलेला खरा व्हेरियन्स 1 आहे. तुमचं सूत्र 0 देईल.

उपाय सोपा आहे. आधी सरासरी काढा, मग प्रत्येक आकड्यातून ती वजा करून वर्ग करा. किंवा सुरुवातीलाच गटातला सर्वांत लहान टाइमस्टॅम्प सगळ्यांतून वजा करा, व्हेरियन्स बदलत नाही. डेटा एकेक ओळीने येत असेल तर वेलफर्डची 1962 ची पद्धत वापरा, ती प्रत्येक नव्या आकड्यागणिक सरासरी आणि व्हेरियन्स पुढे नेत जाते. खरं तर नमपाय किंवा पांडाज या पायथन लायब्ररींचं तयार फंक्शनच वापरा असं मी म्हणेन. मात्र नमपाय डीफॉल्टने एन ने भागतं आणि पांडाज एन उणे 1 ने, त्या फरकाला एरर समजू नका.

हे फक्त हौशी कोडमध्ये होतं असंही नाही. एक्सेलचं स्टँडर्ड डेव्हिएशन (व्हेरियन्सचं वर्गमूळ) 2003 च्या आवृत्तीआधी याच सूत्रावर चालायचं.

दुरुस्तीनंतर अमेरिकेच्या निस्ट या मानक संस्थेचा न्यूमॅक4 (NumAcc4) हा चाचणीचा डेटासेट चालवून बघाच: 1001 आकडे, सरासरी 10000000.2, स्टँडर्ड डेव्हिएशन 0.1. आणि फंक्शनमध्ये तपासणी ठेवा, व्हेरियन्स शून्याखाली गेला तर कोडने गटाचं नाव सांगून तिथेच थांबावं.